मोटारीचा पीळ आणि त्याला लावलेले टेकू

बोनेट उघडले की इंजिनावरून आडवी गेलेली चकचकीत नळी काही गाड्यांत दिसते. गाडीची हौस असलेली तरुण मंडळी तिला स्ट्रट बार म्हणतात. तिची बहीण गाडीच्या पोटाखाली असते, एखादी फेंडरच्या आड, एखादी मागे डिकीत. हे सगळे टेकू विकणारे सांगतात की ते लावल्यावर गाडी वळणावर घट्ट बसते, स्टिअरिंगला धार येते, खडखड थांबते आणि बॉडी मजबूत होते. दुसरीकडे अनेक अनुभवी मेकॅनिक सांगतात की यात काही अर्थ नाही, नुसता दिखावा आहे. दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे. कुठे कुणाचे खरे, हे ठरवायचे तर गाडीच्या अंगातून भार कोणत्या वाटेने जातो ते पाहावे लागते. टेकूची खरी किंमत त्या वाटेवर आणि वाटेतल्या जोडांवर ठरते. नळीच्या जाडीवर किंवा रंगावर ती ठरत नाही. या लेखात हा प्रश्न सुरुवातीपासून, इतिहास, गणित, गॅरेज आणि कायदा अशा चारही बाजूंनी पाहू.

चासी बॉडीत मुरली

सुरुवातीच्या मोटारींना वेगळी चासी असे. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि वर बोल्टने बसवलेली बॉडी. भार सगळा चासीवर, बॉडीचे काम ऊन-पाऊस अडवण्याचे. ट्रक, बस आणि महिंद्रा स्कॉर्पिओसारख्या काही एसयूव्ही आजही याच पद्धतीने बनतात. अवजड ओझ्याला आणि दगडधोंड्यांच्या वाटेला ही रचना चांगली. पण शिडीसारखी सपाट चौकट पिळायला सोपी असते, आणि ती ताठ करायची तर वजन वाढत जाते.

इटलीच्या व्हिन्चेन्झो लान्चा यांनी १९२२ साली ‘लॅम्डा’ ही मोटार आणली. तिच्यात वेगळी चासी नव्हती. दाबून घडवलेल्या पत्र्याचे खोल अंग हेच भार पेलत होते. १९३४ मध्ये सित्रोएनने ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ काढली आणि पोलादी एकसंध बॉडी मोठ्या संख्येने बनवता येते हे दाखवले. १९३५ची ओपेल ऑलिम्पिया आणि अमेरिकेतली १९४१ची नॅश ६०० त्याच वाटेने गेल्या. या रचनेला आपण मोनोकॉक म्हणतो.

भारतीय वाचकाला ही रचना वाटते त्यापेक्षा जुनी ओळखीची आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११००ची वंशज. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली ॲम्बेसेडर हीसुद्धा मोनोकॉकच. १९८३ साली आलेल्या मारुती ८००मध्ये मोनोकॉक बॉडी आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट अशी जोडी होती, आणि आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक लहान-मध्यम मोटारींत हीच जोडी आहे. टेकूंचा सगळा विषय मुख्यतः या जोडीचा आहे.

ताठपणा वेगळा, मजबुती वेगळी

‘बॉडी मजबूत होते’ या दाव्यात दोन गुणांची सरमिसळ असते. ताठपणा म्हणजे भार आल्यावर वस्तू किती कमी हलते. मजबुती म्हणजे ती कायमची वाकण्याआधी किंवा तुटण्याआधी किती भार सोसते. पोलाद साधे असो की अतिमजबूत, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. लवचिकतेचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल. मजबुती मात्र कितीतरी पटींनी बदलते. साधा बॉडीचा पत्रा ३०० मेगापास्कलच्या आसपास तुटतो, तर तापवून साच्यात दाबलेले बोरॉन पोलाद १,५०० मेगापास्कलपर्यंत टिकते. १९८४च्या साब ९०००च्या दारांतल्या तुळयांपासून हे बोरॉन पोलाद मोटारीत आले आणि आज खांब व छताच्या कडा त्याच्या असतात. अपघातात त्याचा मोठा उपयोग होतो. पण त्याच मापाचा साधा पत्रा काढून बोरॉन पोलाद घातले, तर गाडी पिळायला तितकीच सोपी राहील.

टेकू मुख्यतः ताठपणाचे काम करतात. बोनेटखालची नळी भिंतीवर आदळणाऱ्या गाडीला वाचवण्यासाठी नसते. चाकाने ढकललेला बॉडीचा एखादा बिंदू अर्धा-एक मिलिमीटर कमी हलावा, एवढ्यासाठी ती असते. हा फरक डोक्यात पक्का ठेवला की निम्मे वाद तिथेच मिटतात.

बॉडीचा ताठपणा दोन प्रकारे पाहतात. एक वाकण्याविरुद्धचा, म्हणजे मधोमध माणसे बसली की तळ किती दबतो. दुसरा पिळण्याविरुद्धचा, आणि तोच अवघड. पुढचे एक चाक खड्ड्यात आणि त्याच बाजूचे मागचे चाक उंचवट्यावर असले की गाडीला पीळ बसतो. हा ताठपणा न्यूटन-मीटर प्रति अंश या मापात मोजतात. आजच्या चांगल्या मोनोकॉक गाड्यांत हा आकडा साधारण २०,००० ते ३०,००० असतो. बुगाटीने शिरॉनसाठी ५०,००० सांगितला आहे. जुन्या लहान गाड्यांत तो ५,०००च्या आसपासही असे. समजा गाडीला ३,००० न्यूटन-मीटरचा पीळ पडला. ताठपणा २०,००० असेल तर पुढची आणि मागची बाजू एकमेकींपासून ०.१५ अंश फिरतील. दीड मीटर रुंदीवर हा फरक सुमारे ४ मिलिमीटरचा. ताठपणा ५,००० असेल तर हाच फरक १६ मिलिमीटरवर जातो. दाराच्या फटी, काचेचा रबर, डॅशबोर्डची क्लिप यांना हा फरक गिळावा लागतो, आणि खडखडीची सुरुवात तिथून होते.

बंद पेटीची ताकद

पातळ पत्र्यापासून एवढा ताठपणा येतो तो आकारामुळे. रुडोल्फ ब्रेट या जर्मन अभियंत्याने १८९६ साली पातळ भिंतीच्या बंद नळीचा पिळाविरुद्धचा ताठपणा काढायचे सूत्र मांडले, आणि आजही मोटारीची बॉडी आखताना ते आधाराला असते. त्याचा अर्थ एका उदाहरणात स्पष्ट होतो. २५ मिलिमीटर सरासरी त्रिज्या आणि २ मिलिमीटर जाडीची गोल नळी घ्या. तिला लांबीभर एक चीर पाडा. धातू जवळजवळ तितकाच राहिला, वजन तेवढेच राहिले. पण पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा सुमारे ४७० पटींनी घटतो. बंद नळीत पिळाचे बल भिंतीतून गोल फिरून येते. चिरेने ती फेरी तुटते.

मोटारीच्या दाराखालची सिल, छताच्या कडा, खांब, मधला बोगदा, पुढच्या दोन रेल, या सगळ्या बंद नळ्याच आहेत. त्यांचे सांधे जितके सलग, तितकी बॉडी ताठ. पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते, तेव्हा तीही या रचनेत भार घेते. म्हणून काच बदलताना हलका गोंद किंवा घाईचे काम केले, तर फक्त पाणी गळण्याचा प्रश्न राहत नाही, बॉडीचाही राहतो. आणि म्हणूनच छत नसलेल्या गाड्यांचे दुखणे मोठे असते. १९९९ साली आलेल्या होंडा एस२०००च्या अभियंत्यांनी छताची उणीव तळातल्या उंच, रुंद मधल्या कण्याने आणि त्यातून पुढे-मागे फुटणाऱ्या फाट्यांनी भरून काढली. उघडता येणाऱ्या छताच्या अनेक गाड्यांच्या पोटाखाली तिरक्या पट्ट्यांची जाळी दिसते ती याच कारणाने.

पुढच्या भागाची अडचण

सगळ्या बॉडीत पुढचा भाग सर्वांत अवघड. प्रवाशांची खोली ही चारी बाजूंनी बांधलेली पेटी. तिच्या पुढे, फायरवॉल नावाच्या पत्र्याच्या भिंतीपासून, दोन रेल बाहेर निघतात. त्यांच्यामध्ये इंजिन बसवायचे म्हणजे वरची बाजू उघडी ठेवणे भाग. बोनेट बिजागरीवर असते, ते भार घेत नाही. आणि नेमक्या याच उघड्या भागात गाडीचे निम्म्याहून जास्त वजन, स्टिअरिंग आणि पुढची चाके असतात.

त्यात मॅकफर्सन स्ट्रटची भर पडते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने आखलेली ही रचना ब्रिटनच्या फोर्डने १९५० साली कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत बसवली. शॉकॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि चाकाचा वरचा आधार हे सगळे एकाच उभ्या दांड्यात. खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एक लोअर आर्म, वर बॉडीला जोडलेला स्ट्रटचा माथा. स्वस्त, सुटसुटीत, जागा वाचवणारी. पण या दांड्याचा माथा थेट पत्र्याच्या टॉवरला बोल्टने जोडलेला असतो, आणि वर-खाली येणाऱ्या धक्क्यांबरोबर आडवे बलही तिथेच उतरते.

हे आडवे बल किती असते, हे साध्या हिशेबाने कळते. टायर जमिनीला लागतो ती उंची शून्य धरा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट २०० मिलिमीटरवर, स्ट्रटचा माथा ८०० मिलिमीटरवर. कोनांकडे दुर्लक्ष केले आणि वळणावर बाहेरच्या टायरवर ४०० किलोचे आडवे बल आले असे समजले, तर माथ्यावर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १३० किलो येतो. खालच्या आर्मवर मात्र टायरच्या बलापेक्षाही जास्त, सुमारे ५३० किलो येते. बोनेट उघडल्यावर दिसणारा वरचा टेकू सगळ्यांना हवा असतो, पण वळणावर जास्त भार खाली असतो. तिथला टेकू दिसत नाही म्हणून त्याची चर्चा होत नाही.

आणखी एक बारकावा टेकूच्या जाहिरातीत क्वचितच येतो. वळणावर बाहेरच्या चाकाचा माथा आणि आतल्या चाकाचा माथा या दोघांना आडवे बल एकाच दिशेने, वळणाच्या बाहेर ढकलते. दोन टॉवर फक्त एकमेकांना जोडणारी नळी त्यांच्यातले अंतर कायम ठेवते. पण दोघे मिळून एका बाजूला कलले, तर ती नळीही त्यांच्याबरोबर कलते. शेताच्या लाकडी फाटकाला नुसत्या आडव्या फळ्या ठोकल्या तर ते तिरके पडते, एक तिरपी फळी मारली की सरळ राहते. पुढच्या भागाचेही तसेच आहे. त्या दोन टॉवरांतून दोन तिरके दांडे फायरवॉलपर्यंत नेले की त्रिकोण बनतो, आणि त्रिकोणाची एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

मग दोन टोकांची साधी नळी निरुपयोगी का? तसे नाही. दोन्ही पुढची चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढतात, तेव्हा टायरचा वर येणारा भार स्ट्रटच्या अक्षाच्या बाहेर पडतो आणि दोन्ही माथे आत, एकमेकांकडे दाबले जातात. तिथे नळी सरळ दाब घेते आणि तिचा पूर्ण उपयोग होतो. पहिल्या पिढीच्या फोर्ड मस्टँगमध्ये स्ट्रट नव्हते, पण वरच्या आर्मवर बसलेली स्प्रिंग टॉवरवरच दाब देत असे आणि वर्षे लोटली की टॉवर आत कलत. १९६५च्या शेल्बी जीटी३५०ला म्हणूनच दोन वेगळे टेकू होते: दोन टॉवरांमधला, माँटे कार्लो बार नावाचा दांडा, आणि टॉवरांना फायरवॉलशी बांधणारा एकसंध तुकडा. एक आतला दाब अडवतो, दुसरा आडवा कल. साठ वर्षांपूर्वीची ही जोडी आजही या विषयातला सर्वांत चांगला धडा आहे.

कोणता टेकू काय करतो

बाजारात मिळणारे टेकू आता जागेनुसार पाहू.

वरचा स्ट्रट बार: वर सांगितल्याप्रमाणे, दोन टोकांचा असेल तर आत येणारा दाब अडवतो, फायरवॉललाही बांधला तर आडवा कलही. इंजिन मोठे आणि जागा कमी असलेल्या गाडीत हा फायरवॉलचा जोड बसवणे अवघड, म्हणून तो कमी दिसतो.

खालचा लोअर आर्म बार: दोन्ही लोअर आर्मच्या बॉडीवरच्या मागच्या बोल्टांना एकमेकांशी जोडतो. ज्या गाडीत पुढे भक्कम, बंद पेटीची सबफ्रेम, म्हणजे आर्म पेलणारी वेगळी चौकट, आहे, तिथे हे काम आधीच झालेले असते आणि हा टेकू फारसे काही देत नाही. पण लहान, स्वस्त गाड्यांत जिथे आर्म पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटवर टेकतो, तिथे हा सर्वांत उपयोगी टेकू ठरू शकतो.

फेंडर ब्रेस: फेंडर काढल्यावर दिसणाऱ्या जागेत, दाराच्या बिजागरीच्या खांबापासून पुढच्या रेलपर्यंत तिरका दांडा. पुढची रेल आणि प्रवाशांची खोली यांच्या सांध्यावर सगळ्यात जास्त पीळ पडतो, आणि हा दांडा त्याच सांध्यावर त्रिकोण बनवतो. बसवायला कटकटीचा, दिसायला अजिबात नाही, पण भाराच्या वाटेच्या दृष्टीने जागा योग्य.

मधला आणि मागचा बार: तळाखाली सिलपासून सिलपर्यंत, किंवा मागच्या स्ट्रटच्या माथ्यांमध्ये. हॅचबॅकमध्ये मागचे दार मोठे उघडते, मागची आडवी भिंत नसते, म्हणून तिथे मागच्या चौकटीला टेकूचा उपयोग जास्त. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याची भिंत असेल तर ते काम तीच करते.

रोल केज: हा टेकूंच्या पलीकडचा प्रकार. रॅलीच्या गाडीत खांबांशी वेल्ड केलेल्या नळ्यांचा पिंजरा गाडी उलटल्यावर माणूस वाचवण्यासाठी असतो आणि बॉडीही अतिशय ताठ करतो. पण हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे नसलेल्या साध्या रस्त्यावरच्या प्रवाशाचे डोके त्या नळ्यांवर आदळले तर तोच पिंजरा जिवावर बेतू शकतो. घरच्या गाडीत तो नको.

चांगला टेकू कसा ओळखावा

सरळ दांडा ताण आणि दाब दोन्ही उत्तम घेतो. २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, २ मिलिमीटर जाडी आणि एक मीटर लांबीची सरळ पोलादी नळी २०० किलोच्या दाबाखाली मिलिमीटरच्या शंभराव्या सात भागांइतकीच आखडते. हीच नळी इंजिनाला चुकवण्यासाठी मध्ये ५० मिलिमीटर वाकवली, तर तेवढ्याच भाराखाली तिची टोके ०.९ मिलिमीटरहून जास्त जवळ येतात. म्हणजे ताठपणा तेराव्या हिश्श्यावर आला. सरळ दांडा भार लांबीतून घेतो. वाकलेल्या दांड्यात तोच भार वाकवणारा होतो. इंजिनावरून कमानीसारखा जाणारा दांडा दिसायला देखणा असला, तरी आधी हा आकडा आठवावा. वाक टाळता येत नसेल तर नळीचा व्यास मोठा हवा.

दुसरी गोष्ट धातूची. ॲल्युमिनियमचा लवचिकतेचा गुणांक पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा. त्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी तिसऱ्या हिश्श्याइतकीच ताठ. तेवढाच ताठपणा हवा असेल तर तिप्पट धातू लागतो आणि वजनाचा फायदा जवळजवळ संपतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट जोडाची. नळी कितीही जाड असो, तिच्या टोकाची पट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्याची आणि टॉवरच्या तीन बोल्टांपैकी एकावरच टेकलेली असेल, तर सगळी हालचाल त्या पट्टीत होते. चांगल्या टेकूचे ब्रॅकेट टॉवरच्या सगळ्या बोल्टांवर बसते, त्याला खोल कडा असतात आणि दांडा ब्रॅकेटला बोल्टांच्या मध्यरेषेजवळ जुळतो. बिजागरीसारखा जोड असलेला सरळ दांडा चालतो, कारण त्याला वाकायचे नसतेच. पण वाकलेल्या दांड्याला टोकाशी बिजागरी असेल, तर तो घेणे व्यर्थ.

बसवतानाही नियम आहेत. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असावी. जॅकवर लोंबकळत असताना बॉडी थोडी वेगळ्या आकारात असते, तेव्हा बोल्ट कसले तर टेकू तो आकार कायम धरून ठेवतो. सगळे बोल्ट हाताने बसवून मग टॉर्क रेंचने सांगितल्या मापापर्यंत कसावेत. स्ट्रटच्या माथ्याचे नट सैल केले असतील तर नंतर ॲलाइनमेंट करून घ्यावी. इंजिन जोराने वेग घेताना माउंटिंगवर कलते. तेव्हा ते दांड्याला घासत नाही ना, हेही पाहावे.

फरक किती जाणवतो

इथे प्रामाणिकपणे मापात बोलायला हवे. टॉवरचा माथा एक मिलिमीटर हलला, तर ६०० मिलिमीटरच्या स्ट्रटवर चाकाचा कल ०.१ अंशाहूनही थोडा कमी बदलतो. साध्या गाडीची बॉडी वळणावर तीन अंश सहज कलते. लोअर आर्मच्या बुशचे रबर आणि टायरची भिंत याहून कितीतरी जास्त हलतात. म्हणून मऊ स्प्रिंग, जुने बुश आणि स्वस्त टायर असलेल्या गाडीत टेकूचा फरक मोजणे कठीण. हाच टेकू ताठ स्प्रिंग आणि चिकट टायर असलेल्या शर्यतीच्या गाडीत उपयोगी पडतो, कारण तिथे बाकी सगळे ताठ झालेले असते आणि बॉडीच सर्वांत मऊ उरते. साखळीतली सर्वांत मऊ कडी आधी शोधावी, हा या विषयातला पहिला नियम. बहुतेक घरगुती गाड्यांत ती कडी बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर असते.

मग कंपन्या बॉडी एवढी ताठ का करतात? वळणासाठी सस्पेन्शनच्या कित्येक पट ताठपणा पुरतो. त्यापुढचा ताठपणा मुख्यतः आवाज, थरथर आणि टिकाऊपणासाठी असतो. कंपन्या तो टेकूंपेक्षा सांध्यांतून मिळवतात. एका मोटारीच्या बॉडीत हजारो स्पॉट वेल्ड असतात. त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत एपॉक्सीचा गोंद भरला की सांधा सलग होतो आणि वजन न वाढवता ताठपणा वाढतो. जपानच्या यामाहाने वेगळाच विचार केला. पोलादी बॉडी स्प्रिंगसारखी वागते, हालचाल साठवते आणि परत देते, पण ती जिरवत नाही. यामाहाने टेकूच्या जागी तेल आणि दाबाचा वायू भरलेला लहान डॅम्पर बसवला. तो बॉडीच्या मिलिमीटरहून लहान हालचाली जिरवतो. या शतकाच्या सुरुवातीला टोयोटाच्या गाड्यांपासून तो वापरात आला. बॉडीचा गुण ताठपणाबरोबर शांत होण्यातही असतो, हे या कल्पनेने मोटार उद्योगाला दाखवले.

अपघात, कायदा आणि पादचारी

ताठपणाच्या नादात सुरक्षेचे गणित बिघडू नये. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ साली पेटंटासाठी मांडलेली कल्पना अशी: माणसांची खोली ताठ, पण पुढचे आणि मागचे भाग ठरावीक पद्धतीने चुरगळणारे. १९५९च्या मर्सिडीज डब्ल्यू१११मध्ये ती प्रत्यक्षात आली. धडकेत गाडी थांबताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती चुरगळणाऱ्या पत्र्याने घ्यावी, माणसाच्या छातीने नाही. कंपनीने बसवलेले टेकू हे गणित सांभाळून आखलेले असतात. बाहेरून आणलेल्या टेकूची अशी चाचणी झालेली असतेच असे नाही. दोन टॉवरांमधला आडवा दांडा सरळ समोरच्या धडकेत चुरगळण्याच्या लांबीवर फारसा परिणाम करत नाही. पण पुढच्या रेलला लांबीत ताठ करणारा, किंवा रेल कापून वेल्ड केलेला कोणताही तुकडा तो परिणाम करतो. तो टाळावा.

पादचाऱ्याचा विचारही महत्त्वाचा. धडकेत माणसाचे डोके बोनेटवर आपटते. बोनेट आणि त्याखालच्या कठीण भागांत जागा असेल तर ते दबून डोके वाचते. भारतात एआयएस-१०० हे मानक याचसाठी आहे. बोनेटला टेकेल इतका उंच स्ट्रट बार ही जागा खातो. पादचाऱ्यांनी भरलेल्या आपल्या शहरांत हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

टेकू आणि बुल बार यांत गफलत करू नये. पुढे बाहेर लावलेला पोलादी बुल बार धडकेचे बल ठरलेल्या वाटेऐवजी भलत्याच जागी नेतो, एअरबॅगच्या सेन्सरच्या वेळापत्रकातही ढवळाढवळ करू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाईचे निर्देश दिले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. मूळ छिद्रांवर बोल्टने बसणारा, काढता येणारा टेकू आणि बॉडी कापून केलेले वेल्डिंग यांत म्हणूनच मोठा फरक करावा. विमा कंपनीला लेखी कळवणे हे शहाणपणाचे.

आपल्याकडे बॉडी धडकेत किती टिकते याचे सार्वजनिक मोजमाप आता सुरू झाले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये रांजणगावात बनणारी टाटा नेक्सॉन ग्लोबल एनकॅप या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेकडून पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. त्या चाचणीत बॉडीचा सांगाडा धडकेनंतर स्थिर राहिला की नाही, हेही नोंदवतात. ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये ताशी ६४ किलोमीटरने समोरची धडक घेतात. बॉडी हा शब्द आपल्या शोरूममधल्या गप्पांत आला तो या चाचण्यांमुळे, आणि ते फार चांगले झाले.

आपल्या गाडीसाठी काय

कोकणात आणि गोव्यात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. सिल, टॉवरची कड, आर्मचे ब्रॅकेट इथे गंज आधी धरतो. अपघातात अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा) बदललेल्या गाडीत वेल्डचे ठिपके मूळपेक्षा कमी असू शकतात. अशा गाडीला टेकू लावणे म्हणजे तुटलेल्या वाटेवर पूल बांधणे. आधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहावी, गंज खरवडून वेल्ड दुरुस्त करावे, बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदलावेत. त्याने बहुतेक तक्रारी तिथेच संपतात.

मग कुणी लावावा? ज्याची गाडी निकोप आहे, सस्पेन्शन आणि टायर चांगले आहेत, जो घाटात किंवा ट्रॅकवर जोमाने चालवतो, आणि ज्याच्या गाडीत पुढे बंद सबफ्रेम नाही, त्याने आधी खालचा टेकू पाहावा, मग फेंडरचा, मग फायरवॉलला बांधलेला वरचा. ज्याला फक्त बोनेट उघडल्यावर छान दिसावे एवढीच हौस आहे, त्याने सरळ, पोलादी, सगळ्या बोल्टांवर बसणारा आणि बोनेटपासून दूर राहणारा बार घ्यावा; निदान तोटा होणार नाही. ज्याच्या गाडीचे ग्राउंड क्लिअरन्स कमी आहे, त्याने खालचा बार गतिरोधकाला घासणार नाही ना, हे मोजून घ्यावे.

एक मागणी मात्र सगळ्या ग्राहकांनी मिळून करायला हवी. गाडीच्या माहितीपत्रकात हॉर्सपॉवर, मायलेज, स्क्रीनची लांबी सगळे छापतात. पिळाविरुद्धचा ताठपणा क्वचितच. पुण्यात १९६६पासून एआरएआयसारखी मोटारींची चाचणी घेणारी संस्था आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये देशातले उत्तम मोटार अभियंते काम करतात. हा आकडा मोजणे त्यांच्यासाठी नवीन नाही. तो प्रत्येक गाडीच्या पत्रकावर छापला गेला, तर टेकू हवा की नको हे ग्राहकाला गाडी घेण्याआधीच कळेल, आणि मुळातच ताठ बॉडी बनवणाऱ्याला बाजारात त्याचे श्रेय मिळेल.